रसिकतेला तिकीट लागत नाही

कला म्हटली की आपल्या मनासमोर जहांगीर कलादालनाच्या शुभ्र भिंती किंवा षण्मुखानंद सभागृहाचा भव्य रंगमंच उभा राहतो. या स्थळांच्या थोरवीबद्दल दुमत नाही. परंतु कलास्वाद म्हणजे सवड काढून, प्रवास करून साजरा करावयाचा प्रसंग, ही जी समजूत त्यापायी दृढ झाली आहे ती मात्र घातक आहे. अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत राहणाऱ्या कारकुनाच्या वाट्याला असा प्रसंग वर्षातून एकदा, फार तर दोनदा यावयाचा. उरलेले दिवस त्याने कलेवाचून काढावयाचे काय?

वस्तुतः डोळे उघडे ठेवणाऱ्याला अशी वसाहत पुष्कळ काही देते. नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी नांदतात. एका उंबरठ्यावर ठिपक्यांची रांगोळी, तर दुसऱ्यावर तांदळाच्या पिठाचे कोलम. दोन्हींचा पाया ठिपक्यांचाच; पण आपली रांगोळी ठिपके जोडून आकृती घडविते, तर कोलमाच्या एका प्रकारात रेषा ठिपक्यांना स्पर्श न करता त्यांच्याभोवती वळत वळत जिथून निघाली तिथेच परत येते. हा भेद पाहण्यास पांडित्य नको; गाडी गाठण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबण्याची तयारी असली की पुरे.

मुलांच्या चित्रांकडे तर आपण त्याहूनही घाईने पाहतो. पाच-सहा वर्षांचे मूल घर काढते आणि भिंतीआडची आई, खाट, खाटेखालचे मांजर सारे बाहेरून दिसेल असे रंगविते. ‘भिंतीतून कधी दिसते का?’ असे म्हणून आपण खोडरबर पुढे करतो. ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने बालचित्रांवरील आपल्या 1927 च्या ग्रंथात याचा उलगडा केला आहे. मुलाला जे ठाऊक असते ते ते काढते; डोळ्यांना दिसते तेवढ्यावर ते थांबत नाही. घरात आई आहे, मग ती चित्रात नसून कसे चालेल? फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये व्हिएन्नात मुलांचा कलावर्ग काढला, तोही बालचित्राला स्वतःचे मोल आहे, ती मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नव्हे, याच श्रद्धेने.

आपण मात्र या चित्राला लगेच स्पर्धेला बसवितो. शासकीय रेखाकला परीक्षेतील श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. त्याने चित्रकलेला पालकांच्या लेखी किंमत आली हे खरे; पण गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते, हेही तितकेच खरे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी तशी तरतूद नाही. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत मोकळेपणाने चित्र काढते, त्या वयात त्याचा एकमेव रसिक म्हणजे वर्गशिक्षक. त्याने ‘हे काय काढलेस?’ असे दरडावून न विचारता ‘यातली गोष्ट सांग’ असे म्हटले, तर खर्च काहीच नाही आणि लाभ जन्माचा आहे.

स्थानिक प्रयोगांची कथाही वेगळी नाही. परळचे दामोदर नाट्यगृह 1922 मध्ये उभे राहिले आणि गिरणगावातील हौशी व कामगार रंगभूमीने त्याचा आसरा घेतला. 2023 मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकांची चळवळ चालविली, तेथे ना भव्य मंच होता, ना मखमली पडदा. होते ते जाणते प्रेक्षक. इमारती पडतात आणि पुन्हा उठतात; पण शेजाऱ्याचे नाटक पाहावयास जाण्याची सवय एकदा मोडली, तर ती कोणता विकासक बांधून देणार?

यावर कोणी म्हणेल, की सोसायटीच्या गणेशोत्सवातील अडखळत्या एकांकिकेलाही कला म्हणावयाचे, तर दर्जाचे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु दर्जाची जाण पुष्कळ पाहण्यानेच येते. आपल्या काव्यशास्त्राने रसिकाला ‘सहृदय’ म्हटले. कवीच्या हृदयाशी ज्याचे हृदय जुळते तो सहृदय. शेजारचा लेखापाल रंगमंचावर संवाद विसरतो आणि पुढच्याच क्षणी एका वाक्याने सभा स्तब्ध करतो. या दोन क्षणांतले अंतर ज्याला कळले, त्याला थोर नटाचे थोरपणही अधिक कळेल. ज्याने शेजारचे काही पाहिलेच नाही, तो मोठ्या नाट्यगृहात केवळ नाव पाहून टाळ्या वाजवितो.

म्हणून या गणेशोत्सवात वसाहतीतील कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसावे, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटणाऱ्या कलावंताला काय आवडले, काय खटकले, ते नेमके सांगावे. ‘छान झाले’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. कलावंताला मानधनाइतकीच अशा प्रेक्षकाची गरज असते.