हॅरिस पार्कची दिवाळी आणि फटाक्यांचा कायदा

सिडनीच्या पश्चिमेस, पॅरामॅटा नगरपालिकेच्या हद्दीतील हॅरिस पार्क या उपनगरात 2021च्या जनगणनेनुसार 40 टक्क्यांहून अधिक रहिवासी भारतात जन्मलेले होते आणि दिवाळीत तेथील विग्रॅम स्ट्रीटवर मोठी गर्दी लोटते; परंतु घराच्या अंगणात भुईनळा, लवंगी माळ किंवा सुतळी बॉम्ब लावणे हा तेथे गुन्हा ठरतो. न्यू साऊथ वेल्स राज्याच्या 2003च्या स्फोटक कायद्यानुसार फटाका हा स्फोटक पदार्थच असून, तो परवान्यावाचून बाळगणाऱ्या वा उडवणाऱ्या व्यक्तीस 27,500 डॉलरपर्यंत दंड, 12 महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फुलबाजी आणि खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकल्या यांना मात्र परवाना लागत नाही.

हा नियम आपल्या सणावर रोखलेला आहे, असा नव्याने आलेल्या कुटुंबांचा समज होणे स्वाभाविक असले, तरी इतिहास वेगळा आहे आणि तो त्यांना कोणीतरी आवर्जून सांगायला हवा. ब्रिटिश साम्राज्याच्या गौरवार्थ 24 मे रोजी साजऱ्या होणाऱ्या एम्पायर डेच्या रात्री, आणि पुढे राणीच्या वाढदिवसाच्या जूनमधील सुट्टीत, ऑस्ट्रेलियन मुले मोकळ्या जागी शेकोट्या पेटवून दुकानातून आणलेले फटाके उडवीत. ‘क्रॅकर नाइट’ म्हणून ओळखली जाणारी ही लाडकी प्रथा भाजण्याच्या आणि डोळ्यांच्या दुखापतींमुळे 1980च्या दशकात राज्याने थांबवली. म्हणजेच बंदीचा पहिला घाव बसला तो तेथील बहुसंख्याकांच्याच आनंदावर. आज केवळ नॉर्दर्न टेरिटरीत, 1 जुलै या स्वशासनाच्या वर्धापनदिनी, सामान्य नागरिकांना परवान्यावाचून संध्याकाळचे काही तास अशी मोकळीक मिळते.

शिवाय तेथे दिवाळी वसंत ऋतूत, 1 ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या वणव्यांच्या हंगामात येते. ज्या दिवशी उघड्यावर आग पेटवण्यास संपूर्ण मनाई जाहीर होते, त्या दिवशी अंगणातील फुलबाजीचाही मोह आवरणे हेच योग्य.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018च्या निकालात दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ आणि कमी प्रदूषणाचे फटाके अशी मर्यादा घातली, म्हणजे कोणता फटाका आणि किती वाजता यावर भर दिला. न्यू साऊथ वेल्सचा कायदा मात्र फटाका कोणाच्या हातात आहे हे पाहतो. त्यामुळे एखाद्या मंडळाला आतषबाजी हवी असल्यास परवानाधारक आतषबाजी-तंत्रज्ञ नेमून, किंवा प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने एका कार्यक्रमापुरता परवाना काढून, राज्याच्या ‘सेफवर्क’ या सुरक्षा यंत्रणेला आगाऊ सूचना दिल्यावर ती रीतसर करता येते.