धावत्या मार्गाशेजारी तिसरी वाट : राजनांदगाव ते नागपूर

हावडा–मुंबई लोहमार्गाचा राजनांदगाव ते नागपूर हा टप्पा १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेने मीटर गेजवर बांधला आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने पुढे तो ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीचा, केला. आज कोरब्याचा कोळसा, भिलाईचे पोलाद आणि प्रवासी गाड्या याच दुहेरी मार्गावर दाटीने धावत असल्याने, त्याला लागून सुमारे २२८ किलोमीटरचा तिसरा मार्ग हाती घेण्यात आला.

मोकळ्या माळावर रूळ टाकणे आणि वाहत्या मार्गाशेजारी ते टाकणे ही दोन वेगळी कामे आहेत. जुन्या भरावाच्या गवताळ उतारावर नुसती माती ओतली तर ती घसरते, म्हणून आधी उतार खरवडून त्यात पायऱ्या कापतात आणि नवी माती थराथराने दाबत त्या पायऱ्यांत अडकवतात. हे सारे चालते ते गाड्यांच्या अगदी कुशीत, कारण शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांत नव्या कामासाठी किमान ५.३ मीटर अंतर पुरेसे मानले जाते. यंत्राच्या घरघरीत इंजिनाचा भोंगा ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी आणि झेंडी घेतलेला टेहळणी कामगार आणि दोन मार्गांमधले कुंपण यांवर मजुरांचा जीव अवलंबून असतो. वेळ वाचवण्यासाठी यांपैकी कशातही काटकसर करणे अक्षम्य आहे. खोदकामापूर्वी जमिनीतील सिग्नलच्या तारांचा माग काढावा लागतो, कारण एक तार तुटली तरी सिग्नल लाल होऊन मागे मालगाड्यांची रांग लागते.

धावत्या रुळाला प्रत्यक्ष भिडणारे काम ‘ब्लॉक’मध्येच होते, ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळेपुरती त्या मार्गावरील वाहतूक थांबवण्याची परवानगी. विजेच्या तारांजवळच्या कामासाठी त्यांतील २५ हजार व्होल्टचा प्रवाहही बंद करावा लागतो. अडचण अशी की नव्या मार्गाचे सामानही जुन्या मार्गानेच येते: भिलाईत तयार होणारे २६० मीटर लांबीचे रूळ खास रेकवरून आणून उतरवायचे, तर तेवढा वेळ चालत्या वाहतुकीतूनच काढावा लागतो.

सर्वांत अवघड काम मात्र स्थानकांत असते. तेथे सांधे आणि सिग्नल ‘इंटरलॉकिंग’ने एकमेकांशी असे बांधलेले असतात की सांधा योग्य जागी बसल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. नवा मार्ग जोडताना ही यंत्रणा काही काळ सोडवावी लागते. तेव्हा कर्मचारी सांधे हाताने फिरवून त्यांना क्लॅम्प व कुलूप लावतात, गाड्या धिम्या चालतात आणि अनेक प्रवासी गाड्या रद्द होतात. म्हणूनच पूर्ण झालेल्या किलोमीटरांवरून प्रगती मोजणे फसवे आहे, कारण दोन स्थानकांमधला तयार रूळ ही जोडणी होईपर्यंत एकाही गाडीच्या कामाचा नसतो.

जोडणीनंतर रेल्वे सुरक्षा आयुक्त पाहणी करतात. हे पद रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन ठेवलेले आहे. प्रवासी वाहतुकीची परवानगी मिळाल्यावरही नवा भराव गाड्यांच्या भाराखाली बसत राहतो, म्हणून यंत्राने गिट्टी पुन्हा पुन्हा ठोकून घेत वेगमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली जाते.