कानांवरची राखण

घरांत नवें वर्तमानपत्र चालू करावयाचें तर आपण चार दिवस विचार करतों. मुलांस शिकवणी ठेवावयाची तर शिक्षकाची दोन ठिकाणीं चौकशी करतों. पाहुण्यांनीं आणलेलें पुस्तकसुद्धां मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां चाळून पाहतों. परंतु जो आवाज घरांतील माणसाच्या कानांत दिवसाचे दोन दोन तास, आणि तोही शेजारीं बसलेल्यास ऐकूं न येईल अशा रीतीनें, बोलत असतो, त्याची चौकशी करणारीं घरें फारच थोडीं असतील. आम्हींही ती केली नव्हती. त्याचा परिणाम काय झाला, आणि पुढें आम्हीं कोणता मार्ग काढला, तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

घरची गोष्ट

आमचे थोरले काका पाटबंधाऱ्यांच्या कामावर जन्म घालविलेले अभियंते. नोकरींत असतां आणि निवृत्तीनंतरही रात्रीं दोन तास वाचल्याशिवाय त्यांनीं कधीं पाठ टेकली नाहीं. पंचाहत्तरी उलटली आणि काचबिंदूनें त्यांची दृष्टि अशी आखडली कीं, समोरचा माणूस ओळखूं येई, पण छापील ओळ कांहीं केल्या लागत नसे. पुस्तक उगाच मांडीवर घेऊन बसलेले काका पाहणें आम्हां सर्वांस जड जाई. तेव्हां पुतणीनें त्यांच्या मोबाईलवर पॉडकास्ट लावून दिले, कानांत घालावयाचीं यंत्रें आणून दिलीं, आणि काकांची करमणूक झाली असें समजून आम्ही सर्व आपापल्या उद्योगास लागलों.

पहिले कांहीं आठवडे ठीक गेले. पुढें काकांचें बोलणें बदलूं लागलें. जेवतांना ते कोणत्या तरी कारस्थानाविषयीं बोलत. दूध, मीठ, तेल, सारेंच त्यांस संशयास्पद वाटूं लागलें. आम्हीं तें वयावर ढकललें. परंतु एके दिवशीं काकूंच्या लक्षांत आलें कीं, डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची बाटली अकरा दिवसांपूर्वीं होती तेवढीच भरलेली आहे. विचारतां काका शांतपणें म्हणाले, “थेंबांची गरज नाहीं. काढ्यानें काचबिंदु मुळापासून जातो. एक मोठे जाणकार रोज सांगतात.”

ज्यांच्या घरीं हा रोग आहे त्यांस हें वाक्य किती भयंकर आहे तें सांगावयास नको. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. थेंबांचें काम डोळ्यांतील दाब कमी ठेवून उरलेली दृष्टि राखण्याचें आहे. दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेलें, तों दाब वाढलेला निघाला. थेंब पुन्हां सुरू झाले आणि थोडक्यांत निभावलें. आम्ही मात्र त्या रात्रीं खजील होऊन बसलों होतों. काकांनीं ज्या आवाजावर एवढा विश्वास टाकला, त्या आवाजाचें नांवसुद्धां घरांत कोणास ठाऊक नव्हतें!

यंत्राचा दोष किती?

पुतणीनें मोबाईल उघडून मागील तीन महिन्यांची यादी पाहिली तेव्हां उलगडा झाला. काकांनीं आरंभीं एकदां डोळ्यांच्या विकारावर कांहीं ऐकलें होतें. तेवढा धागा धरून यंत्रानें तसल्याच विषयाचें दुसरें भाषण पुढें केलें. तें पुरें ऐकलेलें पाहून त्याहून ठासून बोलणारें तिसरें. आणि असें करतां करतां एके काळीं नकाशे तपासणारा माणूस काढ्याच्या दारीं नेऊन बसविला.

यांत यंत्राचा कांहीं द्वेष नाहीं. ज्यास अल्गोरिदम म्हणतात तो मुख्यत्वें एवढेंच पाहतो कीं, तुम्हीं काय लावलें, किती वेळ ऐकलें, कोठें सोडलें, आणि तुमच्यासारख्या इतरांनीं त्यापुढें काय ऐकलें. ऐकणारा शहाणा झाला कीं भ्याला, हें त्याच्या हिशेबांत येत नाहीं. तो जागेवरून उठला नाहीं, हें मात्र येतें. त्यामुळें जें नवें, जें गाजलेलें, जें चटका देणारें, तें सदैव वर तरंगतें. आणि दहा वर्षांपूर्वीं एखाद्या अध्यापकानें सावकाश उलगडून सांगितलेला विषय तळाशीं पडून राहतो. तो नाहींसा झालेला नसतो. फक्त कोणी हात धरून तेथवर नेत नाहीं.

पूर्वीं ऐकण्याची निवड कोण करीत असे? पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें सुरू झाली. अशा मालेंत वक्ता कोणी तरी विचारपूर्वक बोलाविलेला असतो. वक्ता भिकार निघाला तर श्रोते चालकांस दुसऱ्या दिवशीं रस्त्यांत गांठून जाब विचारूं शकतात. शिफारशीच्या मागें नांव असतें आणि नांवाच्या मागें अब्रू असते. यंत्राच्या शिफारशीस अब्रू नाहीं, हाच काय तो मुख्य भेद. तेव्हां चांगलें ऐकावयाचें असेल तर पुन्हां नांव आणि अब्रू असलेल्या शिफारशी शोधाव्या, असें आम्हीं ठरविलें. आणि त्या आश्चर्य वाटावें इतक्या सांपडल्या.

शोधण्याच्या वाटा

पहिली वाट संस्थांची. लंडनचें ग्रेशॅम कॉलेज १५९७ सालीं स्थापन झालें. नागरिकांस विनामूल्य व्याख्यानें देणें हेंच त्याचें काम. तेथील व्याख्यानें आतां घरबसल्या ऐकतां येतात. बी. बी. सी. ची ‘इन अवर टाइम’ ही मालिका ऑक्टोबर १९९८ मध्यें मेल्विन ब्रॅग यांनीं सुरू केली आणि २०२५ सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांनींच ती चालविली. एक विषय, बहुधा तीन विद्वान आणि पाऊण तासाच्या आंतबाहेर वेळ, एवढाच तिचा थाट. एक हजाराहून अधिक भाग झाले असून ते इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान, धर्म, संस्कृति असे विषयवार लावलेले आहेत. भगवद्गीता, उपनिषदें, सम्राट अशोक आणि भारतीय गणित यांवरही भाग आहेत. अशी विषयवार यादी वाचणें म्हणजे ग्रंथालयांतील कपाटापुढें उभें राहणें होय. यंत्र हातीं एक पुस्तक देतें. कपाट निवड आपणांवर सोपवितें.

दुसरी वाट आरंभाची. यंत्र नेहमीं आजचा भाग पुढें करतें. परंतु कित्येक उत्तम मालिका पहिल्या भागापासून ओळीनेंच ऐकावयाच्या असतात. माइक डंकन यांनीं २००७ ते २०१२ या काळांत रोमचा इतिहास असाच क्रमानें सांगितला. पीटर ॲडमसन हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक २०१० पासून तत्त्वज्ञानाचा इतिहास ‘मध्यें कोठेंही खिंडार न ठेवतां’ सांगत आहेत. त्यांनीं जोनार्डन गनेरी यांच्या साहाय्यानें भारतीय दर्शनांची स्वतंत्र मालिका केली असून तींत न्याय, मीमांसा, बौद्ध, जैन यांचा विचार सविस्तर आला आहे. आम्हीं काकांस प्रथम लावून दिली ती हीच. पहिल्या दिवशीं संस्कृत नांवांच्या परक्या उच्चारांवर त्यांनीं यथेच्छ तोंडसुख घेतलें. चौथ्या दिवशीं “हा मनुष्य पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडतो” असा शेरा दिला. आमच्या घरीं याहून मोठें प्रशस्तिपत्र नाहीं.

तिसरी वाट माणसाची. आवडत्या ग्रंथाच्या लेखकाचें नांव घेऊन तो कोणाकोणाकडे बोलावयास गेला होता तें शोधावें. ‘लिसन नोट्स’ यासारखीं केवळ पॉडकास्ट शोधण्याचीं साधनें आहेत. त्यांत विषय किंवा व्यक्तीचें नांव घालून जुने भाग काढतां येतात. कार्यक्रमाच्या कीर्तीपेक्षां पाहुण्याचा अभ्यास पाहून निवडलेला भाग सहसा निराश करीत नाहीं. मराठींतही ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’ यांसारख्या ठिकाणीं दीर्घ मुलाखती होत असतात. तेथेंही हाच नियम लावावा आणि आपल्या विषयावर अधिकारानें बोलणारा पाहुणा पाहून तेवढाच भाग घ्यावा.

चौथी वाट टिपणांची, आणि आमच्या मतें ती सर्वांत फलदायी. चांगल्या पॉडकास्टखालीं त्यांत आलेल्या ग्रंथांची, लेखांची व इतर संभाषणांची यादी दिलेली असते. अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा २०१७ सालीं सुरू झालेला इंग्रजी कार्यक्रम या बाबतींत आदर्श आहे. आरंभीं लहान असलेले त्याचे भाग पुढें कित्येक तासांचे झाले, आणि त्यांखालील याद्याही तितक्याच लांब आहेत. अशा एका यादीवरून दुसरीकडे, तेथून तिसरीकडे जावें. जुने अभ्यासक तळटिपांचें बोट धरून ग्रंथांतून ग्रंथांत जात, त्याचाच हा श्राव्य प्रकार.

पारख कशी करावी?

सांपडलें तें सर्वच घ्यावें असें नव्हे. प्रथम वीस मिनिटें ऐकून आम्ही चार प्रश्न विचारतों. बोलणारा आपल्या विधानाचा आधार सांगतो कीं नुसता आवाज चढवितो? समोरच्यास वाक्य पुरें करूं देतो काय? “हें मला ठाऊक नाहीं” किंवा “मागें माझें चुकलें” असें त्याच्या तोंडून कधीं निघतें काय? आणि शेवटीं तो कांहीं विकतो काय. विकत असेल तर त्याच्या मालाचा आणि उपदेशाचा संबंध कोणता? काढ्याचे जाणकार या चौथ्या प्रश्नावरच उघडे पडले. प्रत्येक भागाच्या अंतीं ते स्वतःचाच काढा मागविण्याचा पत्ता सांगत होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रकृतीच्या बाबतींत कितीही विद्वान मनुष्य बोलत असला तरी त्याचें ऐकून औषध घेऊं अथवा सोडूं नये. तो हजारोंशीं बोलत असतो. आपला डॉक्टर आपला डोळा पाहून बोलतो.

घरांतील व्यवस्था

आमच्या घरीं आतां दिवाणखान्यांत एक जाडी वही असते. ज्यास चांगलें कांहीं सांपडेल त्यानें तिच्यांत नांव, भाग, विषय आणि आपलें मत दोन ओळींत लिहून खालीं सही करावी असा नियम आहे. सही हवीच, कारण शिफारशीमागें नांव असावें हाच तर सारा मुद्दा. काकांच्या मोबाईलवर एक संपतांच दुसरें आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली आहे. दर रविवारीं पुतणी वहींतील भाग वाचून दाखविते, काका निवडतात, आणि ती आठवड्यापुरते भाग उतरवून ठेवते. शनिवारीं रात्रीं जेवणानंतर एखादा भाग मोठ्यानें लावून सर्वांनीं मिळून ऐकतों. कंटाळा आला तर मुलें उठून जातात. त्यांस कोणी अडवीत नाहीं. पण प्रश्न विचारावयास तीं बहुधा परत येतात.

ही व्यवस्था निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वहींत कधीं कधीं आळस दिसतो. धाकट्या चिरंजीवांनीं एकदां तीन आठवडे केवळ क्रिकेट लिहिलें. शिवाय घरच्याच माणसांनीं निवडलें म्हणजे घरच्याच आवडीचें कुंपण पडतें, हाही धोका आहे. म्हणून महिन्यांतून एक भाग, ज्याचें मत आपणांस पटत नाहीं अशा विचारी माणसाचा ऐकावा असें काकांनींच सुचविलें, आणि तो नियम सर्वांहून जास्त तेच पाळतात.

परवां काकूंनीं थेंब घालतांना सहज विचारलें, “आतां कोणते जाणकार काय म्हणतात?” काका हंसले. “जाणकार पुष्कळ आहेत,” ते म्हणाले, “पण एवढीं वर्षें धरणाचें काम केलें त्यांत एक शिकलों होतों तें विसरलों. पाणी कोठून येतें तें पाहिल्याशिवाय दार उघडावयाचें नसतें.”

आमच्या वाचकांनींही आपापल्या घरीं, विशेषतः ज्यांचे डोळे थकले आहेत अशा वडील माणसांच्या खोलींत, एकदां सहज जाऊन विचारावें: “आज काय ऐकलेंत?” प्रश्न एवढासाच आहे, पण तो आम्हीं तीन महिने आधीं विचारला असता, तर तीं अकरा दिवसांची काळजी वांचली असती.