मतदानयंत्र आणि मतदाराची खात्री

निवडणुकीत पराभूत झालेल्या उमेदवारालाही निकाल मान्य करावा लागेल, इतका सबळ पुरावा मतमोजणीने पुरविला पाहिजे. कागदी मतपत्रिकांची मोजणी सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असे. त्या पद्धतीत मतपेट्या पळविणे, बनावट मतपत्रिका भरणे असे दोष होते. परंतु ते सामान्य माणसाला कळण्याजोगे होते. यंत्रात मत विद्युत्संकेताच्या रूपाने साठविले जाते. तो संकेत डोळ्यांना दिसत नाही. मतदाराने दाबलेले बटण आणि यंत्राने केलेली नोंद एकच आहेत, हे कशावरून ठरवावे?

यंत्राची रचना व इतिहास

भारतीय मतदानयंत्राचे दोन मुख्य भाग असतात. मतदान युनिटावर उमेदवारांची नावे, चिन्हे व बटणे असतात. नियंत्रण युनिट मतदान अधिकाऱ्यापाशी असते व त्यात मते साठविली जातात. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ही यंत्रे प्रथम वापरली गेली. कायद्यात तशी तरतूद नसल्याने १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरविले. १९८८ साली कायदा सुधारण्यात आला आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे पोहोचली.

हे यंत्र कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नसते. त्यामुळे दुरून त्यात शिरकाव करणे कठीण आहे. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते, यंत्रे मोहोरबंद केली जातात आणि नोंदलेल्या एकूण मतांच्या हिशेबाची प्रत प्रतिनिधींना मिळते. तथापि, यंत्र प्रत्यक्ष हाती लागल्यास आकडे दाखविणारा भाग बदलता येतो अथवा साठविलेली मते फिरविता येतात, असे २०१० साली संशोधकांनी एका यंत्रावर करून दाखविले. यावरून यंत्राची सुरक्षितता मोहोरांवर आणि पहाऱ्यावरही अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

कागदाची साक्ष

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ साली एक तत्त्व सांगितले : मतदानाचे व मोजणीचे मुख्य टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत. भारतात ही गरज व्हीव्हीपॅट यंत्राने भागविण्याचा प्रयत्न झाला. बटण दाबताच उमेदवाराचे चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते व नंतर बंद पेटीत पडते. नागालँडमधील नोकसेन येथे २०१३ साली ही सोय प्रथम वापरली गेली. यंत्राचा आकडा व चिठ्ठ्यांची मोजणी यांत तफावत आढळल्यास नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते.

किती चिठ्ठ्या मोजाव्या?

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा विभागातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचा आदेश दिला. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात, ही मागणी न्यायालयाने २०२४ साली अमान्य केली.

पाच यंत्रे पुरेशी आहेत काय, याचे उत्तर संभाव्यतेच्या गणिताने काढता येते. एका विभागात २०० यंत्रे असून त्यांपैकी १० सदोष आहेत, अशी कल्पना करावी. चिठ्ठ्या टाकून पाच यंत्रे निवडल्यास त्यांत निदान एक सदोष यंत्र सापडण्याची शक्यता सुमारे २३ टक्के येते. १०० यंत्रे सदोष असतील तर हीच शक्यता ९७ टक्के होते. असे सहा विभाग मिळून एक लोकसभा मतदारसंघ होत असेल व प्रत्येकात १० यंत्रे सदोष असतील, तर एकूण ३० यंत्रांच्या तपासणीत दोष उघडकीस येण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के असते. मात्र एकट्या विभागात १० सदोष यंत्रांपैकी एक तरी ९५ टक्के खात्रीने सापडावे, यासाठी सुमारे ५० यंत्रे तपासावी लागतात.

म्हणजेच व्यापक गैरप्रकार छोट्या नमुन्यातही उघड होतो. थोड्या यंत्रांतील दोष मात्र निसटू शकतो. विजयाचे अंतर मोठे असल्यास थोड्या यंत्रांनी निकाल उलटत नाही. अंतर अल्प असेल तेथे तीच यंत्रे निर्णायक ठरतात. म्हणून नमुना अंतराच्या प्रमाणात लहानमोठा ठेवण्याची पद्धत संख्याशास्त्रज्ञांनी सुचविली असून अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने ती २०१७ पासून राज्यभर अवलंबिली आहे.

यंत्रामुळे मोजणीचा वेग वाढला आणि अवैध मतांचा प्रश्न जवळजवळ मिटला. हे लाभ सोडण्याचे कारण नाही. परंतु पेटीतील चिठ्ठी न मोजता पडून राहिली, तर तिची साक्ष अपुरी राहते. जेथे निकाल थोडक्या मतांवर लागतो, तेथे अधिक चिठ्ठ्या मोजण्यास लागणारे काही तास म्हणजे नागरिकांच्या विश्वासासाठी मोजलेले अल्प मोल होय.