कुलपावर टिकलेला डॉलर

स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं डिजिटल नाणं, एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्या ब्लॉकचेनवर नेण्याची गरज 2020 नंतर झपाट्याने वाढली. इथेरियमचं शुल्क परवडेनासं झालं, तशी माणसं मुंबईत सुरू झालेल्या पॉलिगॉनसारख्या स्वस्त नेटवर्ककडे वळली. पण एका नेटवर्कला दुसऱ्याची हिशेबवही दिसत नाही. म्हणून ब्रिज आले. मूळ नाणं एकीकडे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकवायचं आणि त्याच्या भरवशावर पलीकडे तेवढंच नवं टोकन काढायचं. गोदामात माल ठेवून पावती घ्यावी, तसंच हे. पावतीवर लिहिलेलं असतं ‘डॉलर’, पण तिची खरी किंमत गोदामाच्या कुलपाएवढीच.

ही कुलपं किती कच्ची होती, हे पुढच्या दोन वर्षांत दिसलं. ऑगस्ट 2021 मध्ये पॉली नेटवर्क या ब्रिजमधून सुमारे 61 कोटी डॉलर गेले. चोराने बहुतेक रक्कम परत केली, म्हणून तो धक्का लोक लवकर विसरले. रोनिन ब्रिजचा विसरता येण्याजोगा नव्हता. मार्च 2022 मध्ये तिथून 1,73,600 ईथर आणि 2 कोटी 55 लाख यूएसडीसी हे स्टेबलकॉइन काढून नेण्यात आले. त्या ब्रिजला व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या 9 पैकी 5 व्हॅलिडेटरांच्या सह्या पुरत होत्या. चार चाव्या स्काय मॅव्हिस या एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी सही मिळण्याची वाट नोव्हेंबर 2021 मध्ये तात्पुरती म्हणून उघडलेली होती. तिची गरज डिसेंबरात संपली, परवानगी मात्र तशीच राहिली. चोरी 23 मार्चची, उघडकीला आली 29 ला, तीही एका वापरकर्त्याला पैसे काढता येईनात म्हणून. सहा दिवस रिकाम्या तिजोरीच्या पावत्या बाजारात खऱ्या म्हणून फिरत होत्या, हे मला चोरीच्या आकड्यापेक्षा भयंकर वाटतं. अमेरिकेच्या एफबीआयने पुढे उत्तर कोरियाच्या लाझारस गटाकडे बोट दाखवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोमॅड ब्रिज लुटला गेला. कोडमधल्या एका बदलामुळे न तपासलेला संदेशही वैध ठरू लागला होता. पहिल्याचा व्यवहार उतरवून घ्यायचा, पत्ता आपला घालायचा, एवढंच करून कितीतरी जणांनी हात धुऊन घेतले.

स्टेबलकॉइन वापरणाऱ्यांना खरा धडा मिळाला तो जुलै 2023 मध्ये. मल्टिचेन या ब्रिजचे प्रमुख मे महिन्यात चीनमध्ये पोलिसांच्या ताब्यात गेले होते आणि महत्त्वाच्या चाव्यांवर त्यांचाच ताबा होता. जुलैत ब्रिजमधला पैसा बाहेर गेला आणि फँटम नेटवर्कवरचा मल्टिचेनचा यूएसडीसी डॉलरच्या खूप खाली घसरला. यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीचं काहीच बुडालं नव्हतं. लोकांच्या हातात नाव यूएसडीसीचं होतं, देणेकरी मात्र मल्टिचेन होता. वॉलेटवर हा फरक ठळक दिसायला हवा होता.

उत्तर तोवर आलेलं होतं. एप्रिल 2023 मध्ये सर्कलने इथेरियम आणि अॅव्हलांश यांच्यामध्ये सीसीटीपी हे स्वतःचं हस्तांतरण-तंत्र सुरू केलं. यात नाणं अडकवत नाहीत. एकीकडे नष्ट करतात, सर्कल तशी सही देते, आणि ती दाखवून पलीकडे अस्सल यूएसडीसी निघतो. फोडायला तिजोरीच उरत नाही. त्याच वर्षी पॉलिगॉनवरही अस्सल यूएसडीसी आला आणि जुना, ब्रिजवरून आलेला, ‘यूएसडीसी.ई’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सुरुवातीला इथेरियमवरचा व्यवहार पक्का होईपर्यंत पाव तास थांबावं लागे. सीसीटीपीच्या 2025 मधल्या दुसऱ्या आवृत्तीत तेच काम काही सेकंदांत होऊ लागलं.

विश्वास मात्र आता एकाच कंपनीवर ठेवावा लागतो, आणि ती पत्ते गोठवू शकते. तरीही घरी पैसे पाठवणाऱ्यासाठी मी हाच सौदा निवडेन. यूएसडीसी घेतला तेव्हाच सर्कलवर भरवसा टाकलेला असतो. ब्रिजच्या अनोळखी चावीदारांचा त्यात आणखी भार कशाला? पाठवण्याआधी टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता सर्कलच्या यादीशी ताडून पाहावा आणि आधी छोटी रक्कम पाठवावी.

सगळा बाजार मात्र या वाटेने गेलेला नाही. यूएसडीसीपेक्षा कितीतरी मोठ्या टेथरसाठी, म्हणजे यूएसडीटी या स्टेबलकॉइनसाठी, जानेवारी 2025 मध्ये यूएसडीटी0 आलं. इतर नेटवर्कांमध्ये ते नष्ट होऊन नव्याने निघतं, पण त्यामागचं मूळ यूएसडीटी इथेरियमवरच्या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकवून ठेवलेलं असतं.