जोडणारी आणि तोडणारी दांडी

मागच्या वेळी आपण 'संबंध' या कल्पनेपाशी थांबलो होतो. वैशेषिकांनी जे चोवीस गुण मानले त्यांत संयोग आणि विभाग हे दोन वेगवेगळे गुण आहेत, हे आपण पाहिलं. विभाग म्हणजे नुसता संयोगाचा अभाव नव्हे, ती स्वतंत्रपणे घडणारी गोष्ट आहे. पुष्कळांना हा शब्दच्छल वाटला. म्हणून आज आपण एका यंत्राकडे जाऊ. ते यंत्र म्हणजे ११ केव्हीच्या उपकेंद्रातला व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर.

प्रत्येक फेजला एक निर्वात बाटली असते. तिच्यात दोन कॉन्टॅक्ट समोरासमोर असतात, एक स्थिर आणि एक हलणारा. ते टेकले की वीज वाहते, दुरावले की थांबते. हलणाऱ्या कॉन्टॅक्टला ढकलणारी स्प्रिंगची यंत्रणा खाली लोखंडी चौकटीत बसवलेली असते. ती चौकट जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी जोडलेली असते. आता अडचण पाहा. वर हजारो व्होल्ट आहेत, खाली माणसाचा हात लागेल असं लोखंड आहे. हालचाल खालून वर पोचली पाहिजे, पण वीज वरून खाली येता कामा नये.

हे काम एक दांडी करते. ती काचतंतू आणि इपॉक्सीची, किंवा तशाच विद्युतरोधक पदार्थाची असते. बळ जाऊ देते, वीज अडवते. जिथे सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू वापरतात, तिथे ठिणगीमुळे त्या वायूपासून काचेला खाणारी द्रव्ये तयार होऊ शकतात, म्हणून उघडे काचतंतू टाळतात. साध्या ब्रेकरातही दांडीवर धूळ आणि ओल साचली तर पृष्ठभागावरूनच वीज वाट काढते. दांडी कोरडी आणि स्वच्छ ठेवायची ती यासाठी.

आता तिच्या टोकाचे आटे पाहू. आट्यांमुळे दांडीची लांबी थोडी कमीजास्त करता येते, आणि मग चेकनट आवळून ती पक्की करतात. याची गरज काय? उदाहरणापुरतं धरू, की यंत्रणा दांडीला १४ मिलिमीटर सरकवते. त्यातले पहिले १० मिलिमीटर कॉन्टॅक्टमधलं अंतर मिटवण्यात जातात. कॉन्टॅक्ट टेकल्यावरही दांडी उरलेले ४ मिलिमीटर पुढे जाते आणि दाबाची स्प्रिंग आवळते. त्या दाबामुळेच कॉन्टॅक्ट घट्ट बसतात आणि तापत नाहीत.

दांडी १ मिलिमीटरने लांब केली तर? दाबाचा प्रवास ५ होतो, पण उघड्या स्थितीतलं अंतर ९ वर येतं. आखूड केली तर उलट होतं. बेरीज १४ ती १४च. म्हणजे संयोगाला जे द्यायचं ते विभागाकडूनच घ्यावं लागतं. शिवाय तीन फेजच्या तीन दांड्या एकाच दांड्याने हलतात, आणि प्रत्येक सुट्या भागाच्या मापात बारीक फरक असतोच. ५० हर्ट्झच्या विजेचं अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांत संपतं, त्यामुळे तिन्ही फेज जवळजवळ एकाच क्षणी सुटायला हव्यात. हे जुळवणं त्या आट्यांवरच होतं.

पण याच आट्यांनी खोटंही बोलता येतं. ब्रेकर वर्षानुवर्षं चालला की कॉन्टॅक्ट झिजतात. झीज झाली की अंतर वाढतं आणि दाबाचा प्रवास तेवढाच घटतो. दांडी लांब केली की दोन्ही मापं पुन्हा बरोबर येतात, कॉन्टॅक्ट मात्र झिजलेलाच राहतो. झीज किती चालेल याची मर्यादा ठरलेली असते. त्या मर्यादेच्या आत ही जुळवणी झाली तर तिला देखभाल म्हणतात, पलीकडे झाली तर ती झाकपाक ठरते. पाना तोच, हात तोच, फिरवणंही तेच.

आमचे थोरले बंधू नव्वदच्या दशकात एका उपकेंद्रात होते. ऐन वैशाखात एका फीडरच्या ब्रेकरची तपासणी निघाली. बाटलीच्या दांड्यावरची झिजेची खूण मर्यादा ओलांडल्याचं सांगत होती. वरून निरोप आला, "आटे फिरवून भागवा, चालू करा." त्यांनी रजिस्टरात खुणेची नोंद केली आणि सही करायला नकार दिला. नवी बाटली येईपर्यंत दोन दिवस आमची पेठ अंधारात होती. पेठेने त्यांना शिव्या दिल्या. त्यात आम्हीही होतो, आणि तेव्हा आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकवत होतो.

ते म्हणाले, "अरे, चालू असताना सगळेच ब्रेकर सारखे दिसतात. सुटायची वेळ येते तेव्हा कळतं." विभाग ही स्वतंत्र घटना आहे, हे आम्ही ग्रंथात वाचलं होतं. त्यांना ते पाना हातात असताना ठाऊक होतं.

पुढच्या वेळी आपण समवायाकडे वळू.