केळनेकाठचा हस्तिदंत, पॉम्पेईच्या घरात

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही इथल्या भोकरदनचं नाव भूमध्य समुद्राकाठच्या पॉम्पेईबरोबर घेतलं जातं, आणि तेही जेमतेम वीतभर उंचीच्या एका हस्तिदंती मूर्तीमुळे.

नेपल्सचं आखात हे रोमन धनिकांचं हवा खायला जायचं ठिकाण होतं. बाइएची गरम पाण्याची स्नानगृहं, स्टॅबिएचे समुद्राकडे तोंड केलेले वाडे आणि शेजारी व्यापाराचं गाव पॉम्पेई. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई, स्टॅबिए राखेखाली गेली. 1938 मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात पॉम्पेईच्या एका घरात ही मूर्ती सापडली. हातभर बांगड्या, पायांत पोटऱ्यांपर्यंत चढलेले वाळे, कमरेला मेखला, दोन बाजूंना दोन दासी आणि अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीच. तिला लक्ष्मी म्हणायची पद्धत पडली, पण ती यक्षी असावी असंच आता बहुतेक अभ्यासक मानतात. डोक्यातून खाली आरपार गेलेलं भोक पाहता ती आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय असावी. देव्हाऱ्यातली देवी म्हणण्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

ती घडवली कुठे? आधी बोट मथुरेकडे दाखवलं जाई. मग 1973 मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांतर्फे भोकरदनची पांढर उकरली. सातवाहनकाळाच्या थरांत मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी निघाली, आणि हस्तिदंताचा एक मोडका तुकडाही. मधे स्त्री, दोहो अंगांना दासी. ठेवण थेट पॉम्पेईच्या मूर्तीची.

हे गाव तेव्हा भोगवर्धन होतं. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत इथली माणसं आहेत, त्यांची गावासकट नावं दगडावर कोरलेली आहेत. सांचीच्याच एका तोरणावरचं कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केल्याची नोंद आहे, म्हणजे या कारागिरांचा हात दगडावरही चालत असे. उज्जैनहून पैठणला उतरणाऱ्या व्यापारी वाटेवर भोगवर्धन होतं. पैठण-तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचला जाई. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून तेर आणखी दहा दिवसांवर, असं ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत लिहिलंय. भडोचहून जहाजावर चढणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं केली होती. व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात तो स्टॅबिएच्या किनाऱ्यावर मेला.

तेव्हा मूर्ती भोकरदनचीच, असं छातीठोक म्हणावं का? मी नाही म्हणणार. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. अफगाणिस्तानात बेग्रामलाही अशा धाटणीचं हस्तिदंती काम मिळालंय. पण तीन बायांचा तोच मेळ दख्खनमध्ये प्रत्यक्ष जमिनीतून निघाल्यावर मथुरेचा दावा दुबळा पडला, एवढं नक्की.

भोकरदनला जायचं तर जालन्याहून राजूरचा गणपती करून जावं. तिथे केळना नदीच्या काठी खडकात कोरलेलं लेणं आहे, ते मात्र सातवाहनांच्या बऱ्याच नंतरचं. हीच केळना पुढे असईकडे जाते. 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता आणि इंग्रज सेनापती वेलस्लीनं नदी ओलांडून त्यावर हल्ला चढवला. या लढाईमुळे भोकरदनचं नाव इंग्रजी नकाशांत गेलं, ते ‘बोकरडून’ अशा काहीतरी रूपात.

पॉम्पेईची मूर्ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तीही शृंगारिक वस्तूंसाठी राखून ठेवलेल्या ‘गुप्त दालना’त. तेवढं लांब जाणं होणार नसेल, तर धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाठावं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात याच घराण्यातली हस्तिदंती बाई आहे, एकटी, दासींशिवाय.